एक डबा गाण्याचा, एक ऐकण्याचा

बेलमाँट, पोर्ट ऑफ स्पेन
झावळ्यांचा रविवार, दुपार

प्रिय लिस्ट्रा,

गल्लीच्या वरच्या टोकाला तू राहतेस, खालच्या टोकाला मी, आणि तरी पत्र आलेलं बघून तू म्हणशील, इस्मेचं डोकं फिरलं. पण कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर मांडीला मांडी लावून बसायचो तेव्हासुद्धा आपण चिठ्ठ्याच लिहायचो ना? तोंड उघडलं की सिस्टर मॉडची पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. आज पट्टी नाही. पण हे सगळं तुझ्यासमोर उभी राहून बोलायला गेले तर माझे हात कुठे जातील ते मला सांगता येत नाही, म्हणून ते कागदावर गुंतवून ठेवलेत. सकाळी चर्चमध्ये मिळालेल्या झावळीचे दोन क्रूस विणले, एक माझ्या दारासाठी आणि एक तुझ्या. जुनी सवय आहे, बोटं ऐकत नाहीत.

शुक्रवारी कॉर्पोरल ऑलिव्हिएर येऊन गेला. टोपी काखेत धरून व्हरांड्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या गल्लीला कान नाहीत." भर दिवसा एका पोराचं डोकं लोखंडाने फुटतं, छातीत गोळ्या जातात, आणि कोणी काही ऐकलेलं नाही. साक्षीदार मिळाला नाही तर ईस्टरनंतर फाईल कपाटात जाईल, हे तो जाताजाता हळूच सांगून गेला. माझ्या जेवॉनला कोणी मारलं हे कोणी मोठ्याने म्हणणार आहे की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्या आयुष्यात आता उरलाय. तुला तो पाठ असेल. त्या दिवसापासून माझ्याशेजारी बसून तू तोच ऐकते आहेस.

आणि तू माझ्यासाठी काय केलं नाहीस? राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन मी चर्चमधून परतले, त्याच्या खोलीच्या दारात कोसळले, तेव्हा सगळ्यांत आधी धावत आलेली तू. माझे हात त्याच्या रक्तातून तू सोडवलेस. त्याच्या शर्टाचं बटण माझ्या मुठीत राहिलं होतं, ते बोट बोट उलगडून तू काढून घेतलंस. पोलिस गेल्यावर गुडघ्यांवर बसून तूच ती फरशी घासलीस, बादलीमागून बादली, वर लिंबं चोळून, आणि मला आत येऊ दिलं नाहीस. "तू बघू नकोस, मी आहे ना," म्हणालीस. फरशीच्या फटींत शिरलेलं तू सुरीच्या टोकाने खरवडून काढत होतीस. तो आवाज मी बाहेर बसून ऐकला. त्यानंतर रोज वाडग्यातून काहीतरी घेऊन यायचीस आणि मी घास गिळेपर्यंत समोरून हलायची नाहीस. सख्ख्या बहिणीने केलं नसतं असं केलंस.

त्या खोलीबद्दल लिहायचंय. ती खोली आपल्या दोघींचीच कल्पना होती, आठवतं? तुझ्या एरलला पोलिसांनी टेकडीच्या पायऱ्यांवर मारलं त्या वर्षी. चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या फळीवर टाकून त्याला खाली आणलं, तेव्हा त्याचा एक पाय लोंबत होता आणि प्रत्येक वळणाला गाडीच्या पत्र्यावर आपटत होता. एरलने आधी गोळी झाडली, असं पेपरात आलं. त्याच्या हातात दात घासायचा ब्रश होता. भावाला पुरून आल्यावर तू माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणालीस की माझा पोरगा रॉन्डेल घरात राहील असं काहीतरी कर, नाहीतर टेकडीवरचे ते टोळीवाले लोक याच्याही हातात बंदूक देतील. तेव्हा मी जेवॉनची खोली दोघांना दिली. खिडकीला गादी बांधली. त्याच खोलीतल्या माझ्या कपाटात, चर्चच्या फ्रॉकांच्या मधोमध, माइक टांगला. पोरं म्हणायची, टँटी इस्मेच्या फ्रॉकांसारखा आवाज कोणीच गिळत नाही.

आणि कॉम्प्युटरला जोडायचे ते दोन डबे. त्यांना ते इंटरफेस म्हणायचे, आपण डबेच म्हटले. जेवॉनचा जुना डबा माइकचा आवाज इतका सुंदर आत घ्यायचा की माझा गळासुद्धा तरुण वाटायचा, पण विजेच्या झटक्याने त्याची हेडफोनची बाजू जळून गेली होती. रॉन्डेलला टोरांटोच्या काकाने दिलेला डबा, त्याचं उलटं. त्यातून ऐकायला मिळायचं ते स्वर्गासारखं, आणि त्यात माइक लावला की तेलात मासे टाकल्यासारखा चरचराट. मग पोरांनी दोन्ही जोडले. गायचं एकाच्या डब्यात, ऐकायचं दुसऱ्याच्या डब्यातून. दोन अर्धी मिळून एक स्टुडिओ झाला. तू हसून म्हणालीस, ही तर आपलीच जोडी. खरंच होतं ते. कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये मी गायचे आणि तू नुसती ओठ हलवायचीस, पण माझा सूर केसभर उतरला तरी तुझं कोपर माझ्या बरगडीत बसायचं. माझा गळा, तुझा कान.

दोन डब्यांचं एक दुखणं होतं. दोघांच्या आत आपापलं घड्याळ, आणि ती घड्याळं एकमेकांशी जुळत नसत. छोटं गाणं निभावून जायचं. लांबलं की गाणाऱ्याचा आवाज संगीताच्या मागे मागे पडत जायचा, आणि शेवटच्या कडव्यात मी दारूच्या नशेत असल्यासारखी वाटायचे. त्यावर उपाय रॉन्डेलने काढला. वाजणाऱ्या संगीतात आरंभाला एक टाळी आणि शेवटी एक टाळी. ती हेडफोनमध्ये ऐकू आली की गाणाऱ्यानेही टाळी द्यायची. मग तो दोन्हीकडच्या टाळ्या एकमेकींवर बसवायचा आणि मधलं सगळं ओढून सारखं करायचा. जेवॉनला ते कधीच जमलं नाही. रॉन्डेलला तुझा कान आलाय. आणखी एक गोष्ट तुला आठवतच असेल. एकदा झाडताना तुझ्या झाडूने रॉन्डेलच्या डब्याची वायर निघाली, त्यावरचा हिरवा दिवा विझला आणि माझं रंगात आलेलं गाणं तिथेच थांबलं. दोघं तुझ्यावर किती ओरडले! एक डबा गेला की सगळं मशीन बंद पडतं, हे त्या दिवशी आपल्याला कळलं.

मग दोघांनी मिळून केलेलं ते कार्निव्हलचं गाणं आलं आणि सगळं नासलं. रेडिओवर, मॅक्सी टॅक्सीत, न्हाव्याच्या दुकानात, जिकडेतिकडे तेच, आणि दर वेळी नाव फक्त जेवॉनचं. रॉन्डेलचंही नाव घ्या म्हणून सांगायला जेवॉन रेडिओवाल्यांकडे जाऊन आला होता, हे रॉन्डेलने कधी मानलं नाही. वायरी जोडणाऱ्याचं नाव कोण घेतं, म्हणून त्यांनी जेवॉनला हसून वाटेला लावलं होतं. रॉन्डेल वर, पायऱ्यांच्या टोकाशी, त्या लोकांत जाऊन बसायला लागला. तेही त्याला 'वायरमन' म्हणूनच हाक मारायचे. कार्निव्हलच्या मंगळवारी ट्रकवर गाणं वाजलं, अख्खा रस्ता जेवॉनच्या नावाने ओरडला, आणि त्यांच्यातल्या एकाने रॉन्डेलच्या पाठीत थाप घालून म्हटलं म्हणे, "निदान तुझा डबा तरी परत आण, वायरमन." हे मला तूच सांगितलंस. सांगताना तुझा चेहरा काळवंडला होता. त्या संध्याकाळी त्याच्या कमरेला काय खोचलेलं होतं, ते मात्र सांगितलं नाहीस.

जेवॉनलाही मान होताच. कोणी आपल्याला चोर म्हणतोय आणि आपण त्याच्याच डब्यातून ऐकतोय, हे त्याला सोसेना. त्याने त्याआधीच रॉन्डेलचा डबा वापरणं सोडलं होतं. कॉम्प्युटरच्या अंगालाच हेडफोनचं एक बारीक भोक असतं, त्यातून ऐकायचा. आवाज पत्र्यासारखा यायचा, तरी तेच. गायला त्याचा स्वतःचा डबा होताच. रॉन्डेलचा डबा त्याने पुसूनपासून टेबलावर ठेवला, शेजारी तुझा तो भरतकामाचा टॉवेल घडी घालून, ज्यात गुंडाळून तो डबा पहिल्यांदा आला होता. मी म्हटलं, मग वायर काढून देऊन का टाकत नाहीस? तर म्हणाला, "त्याने येऊन स्वतःच्या हाताने काढावी मम्मी. आला तर दोन शब्द बोलेल तरी." म्हणून वायर जोडलेली होती, दिवा जळत होता, पण त्या डब्यातून काहीही जात नव्हतं. हे रॉन्डेलला कुठून माहीत असणार?

चाळिसाव्या दिवसाच्या मासला, चर्चमधल्या त्या प्रार्थनेला, जेवॉनच्या आवाजातलं काहीतरी लावू, असं फादर म्हणाले. म्हणून मागच्या आठवड्यात, पोलिसांनी फोटो काढायला टेबल सरकवताना उपटलेला कॉम्प्युटरचा प्लग मी परत लावला. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर प्रश्न आला. मागच्या वेळी काम अर्धवट तुटलं होतं, ते परत आणू का? मी 'हो' दाबलं. लिस्ट्रा, मी हेडफोन लावून, फ्रॉकांना टेकून बसले होते. वाटलं होतं, एखादं अर्धं गाणं निघेल.

पहिली त्याची टाळी. मग त्याचा आवाज, खालच्या पट्टीत. लेंटच्या उपवासाच्या दिवसांत फेटचं, नाचायचं काही वाजवू नकोस, असं मी त्याला सांगितलं होतं ना, म्हणून तो आपलं ते कॉन्व्हेंटचं लांबलचक लॅटिन स्तोत्र म्हणत होता. वरचा आवाज मी आधीच गाऊन ठेवला होता. तो ऐकत होता मला. मग दार. मग रॉन्डेलचा आवाज, "कुठाय माझा डबा?" जेवॉन म्हणाला, "तुझ्या डोळ्यांसमोर. पुसून ठेवलाय, घेऊन जा." त्याच्या आवाजात हसू होतं, तुला माहितेय ते, त्याला कोणालाही चिडवायचं नसायचं, ते असायचंच तसं. रॉन्डेल म्हणाला, "माझ्यावर हसतोस? तूही?" आणि कोपऱ्यातला माइकचा रिकामा लोखंडी दांडा उचलल्याचा आवाज आला. पहिल्या फटक्याला जेवॉन नुसता "अरे" म्हणाला. दुसऱ्याला ओरडला. तिसऱ्याला जो आवाज झाला तो मी इथे लिहिणार नाही, पण तो आता माझ्या डोक्यात कायमचा राहायला आलाय, मी भाजी चिरली तरी तो ऐकू येतो. जेवॉन सरपटत कपाटाकडे आला. माझ्या फ्रॉकांकडे आला, लिस्ट्रा, माइकच्या इतक्या जवळ की त्याचा श्वास माझ्या कानात लागत होता. मला हाक मारली. मग गोळ्या. त्या आवाजाने मी हेडफोन फेकून दिले.

पण परत लावले. आई आहे, अर्ध्यावर कशी सोडू? गोळ्यांनंतर अगदी बारीक, डबीत कोंडलेल्या माशीसारखं कोणीतरी गात होतं. मला कळेना कोण. ती मी होते. जेवॉनच्या डोक्यावरून पडलेले हेडफोन जमिनीवर तसेच गात होते. रॉन्डेलला ते ऐकू आलं नाही. त्या एवढ्याशा खोलीत गोळ्या झाडल्यावर त्याचे कान, तुझ्याकडून आलेले ते कान, बधिर झाले असणार. तो रडत होता. "जेव्ह, ऊठ ना. ऊठ यार," असं म्हणत होता. मग त्याने वायर उपटली, दिवा विझला असणार, आणि तो स्वतःशीच म्हणाला, "बंद झालं." त्यानंतरचं थोडंसं मी शेवटी सांगते. तो गेला, दार आपटलं, आणि माझं स्तोत्र चालूच राहिलं, कडव्यामागून कडवं, त्याच्या अंगाशेजारी. संपल्यावर हेडफोनमधून शेवटची टाळी वाजली. खोलीतून तिला उत्तर आलं नाही.

त्याच दुपारी मी तुझ्याकडे आले होते. तुला आठवत असेल, माझ्या पिशवीत कोयता होता. तू अळूची देठं सोलत होतीस. मान वर करून म्हणालीस, बरं झालं कोयता आणलास, तेवढे नारळ फोडून दे, माझं मनगट दुखतंय. मी काय करायला आले होते ते तू ओळखलं नाहीस, की ओळखूनच नारळ पुढे केलेस, यावर मी बराच विचार केलाय. मग रॉन्डेल आतून आला. "टँटी इस्मे, द्या, मी धरतो," म्हणाला आणि ओंडक्यासमोर उकिडवा बसला. दोन्ही हातांनी नारळ धरला आणि मान खाली घातली. त्याची मानगूट माझ्यासमोर होती, लहानपणी मी जिला पावडर लावायचे ती. मी कोयता उचलला. माझ्या खांद्यात जेवढी ताकद होती तेवढी, आणि मेल्या पोराचीही उसनी घेतली. मारला तो नारळावर. कवटी फुटावी तसा तो फुटला, पाणी उडालं, आणि रॉन्डेलने दोन्ही कान गच्च दाबून डोकं गुडघ्यांत घातलं. तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, काय झालं रे, आणि तो म्हणाला, काही नाही. तेव्हा मला समजलं की माझ्या डोक्यात जे राहायला आलंय त्याची दुसरी खोली याच्या डोक्यात आहे. कोयता पुसून मी पिशवीत टाकला. निघताना तुझ्या साइडबोर्डवर, चिनी मातीच्या कपांमागे, भरतकामाच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. त्याच्या कोपऱ्यातून वायरीचं टोक बाहेर आलं होतं.

शाळेतली एक गोष्ट मला सारखी आठवते. मी चॅपलच्या भिंतीवरून उडी मारून पॅरेड बघायला पळाले होते, आणि सिस्टर मॉडने सगळ्यांना ओळीत उभं केलं. तू पुढे झालीस आणि म्हणालीस, "इस्मे माझ्याबरोबर होती सिस्टर, आम्ही जपमाळ म्हणत होतो." डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. सिस्टरने तुझ्या तळहातांवर वळ उठेपर्यंत मारलं, रक्त आलं, आणि तू तेच वाक्य, त्याच आवाजात, प्रत्येक फटक्यानंतर म्हणत राहिलीस. त्या दिवशी मला वाटलं, जगात माझ्यासाठी खोटं बोलणारं एक माणूस आहे, आता मला कशाची भीती? कॉर्पोरल तुझ्या दारात आला तेव्हा तू याच आवाजात म्हणालीस की रॉन्डेल सकाळभर माझ्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलत होता. मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होते. मीही मान डोलावली.

आता ते शेवटचं. वायर उपटल्यावर आणि "बंद झालं" म्हटल्यावर त्याने फोन लावला. पलीकडचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नाही. त्याचा आहे. "मम्मी, जेव्ह उठत नाहीये. नाही, कोणी नाही, टँटी चर्चला गेलीय. हो, दिवा विझलाय, सगळं बंद केलंय. हो. हो, तुरीच्या शेंगा. हो मम्मी, मी घरीच होतो." म्हणजे तू त्या दारात माझ्याआधीपासून माझी वाट बघत होतीस. फरशी घासलीस, घास भरवलेस, आणि ते सगळं मनापासून केलंस, हेही मला कळतं, आणि म्हणूनच तुझा गळा दाबावासा वाटतो. उद्या चाळिसावा दिवस. सकाळी दहाच्या मासनंतर मी हे रेकॉर्डिंग कॉर्पोरलच्या हातात देणार आहे. एक प्रत फादरकडे आहे, वरचे लोक माझ्या दारात आले तर म्हणून. ते माझ्या हातून सुटलं की पोलिसांच्या गाड्या गल्लीत शिरतील. बंदूक असलेल्या पोराला आणायला पोलिस वर चढतात तेव्हा खाली काय आणतात, ते आपण दोघींनी पाहिलंय. तो पाय पत्र्यावर आपटताना मला पुन्हा ऐकायचा नाही, आणि तुला तर नाहीच. तेवढ्यासाठी हे पत्र. मासच्या आधी त्याला उठव, तोंड धुवायला लाव, इस्त्रीचा शर्ट घाल, आणि हाताला धरून चालत खाली आण. हात मोकळे, सगळ्यांना दिसतील असे. ती बंदूक विहिरीत टाकू नकोस, आणि त्याच्या अंगावरही ठेवू नकोस. टॉवेलात गुंडाळून तूच आण, डब्याबरोबर. मी सकाळपासूनच पोलिस स्टेशनच्या पायऱ्यांवर असेन, पांढऱ्या कपड्यांत, लांबूनच दिसेन. त्याच्या आणि त्यांच्या मधे मी उभी राहीन. जिचा मुलगा मेलाय तिच्या अंगावरून कोणी गोळी झाडणार नाही. तो आत जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही. त्यानंतर माझ्याशी बोलू नकोस. मीही बोलणार नाही, बहुधा कधीच. पण ये, लिस्ट्रा. त्याला जिवंत घेऊन ये.

तुझीच,
इस्मे